मधला दांडा

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हांला चुकांचे प्रकार शिकवले होते. त्यात ‘कॉम्पेन्सेटिंग एरर’ नावाची एक भामटी चूक होती. नावेच्या बाजूला कुठे तरी शंभर रुपये जास्त, जमेच्या बाजूला दुसरीकडेच शंभर जास्त, आणि तेरीज मात्र पैशाला पैसा जुळते! बँकेत असली चूक सापडली की दोन माणसांना मेमो मिळतो. मोटारीत मात्र हीच चूक मुद्दाम बसवतात, हे मला चाळिशी उलटल्यावर समजलं. त्याला कारण आमचा मामेभाऊ. तो इंग्लंडात लेस्टरला असतो आणि रविवारी शेडमध्ये मोटार बनवतो. विकत घेत नाही, बनवतो.

इंग्रजांनी हा उद्योग निव्वळ हौसेपोटी काढला असेल असं मला वाटे. पण खोलात गेलं की प्रत्येक हौसेच्या मुळाशी एखादा कर सापडतो. ब्रिटिश सरकारने 1940 साली, ऐन युद्धात, परचेस टॅक्स बसवला. तो तयार मोटारीवर लागे, सुट्या भागांच्या पेटाऱ्यावर लागत नसे. 1957 साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची दोन माणसांची, जवळजवळ उघडीनागडी गाडी काढली. तयार घेतली तर करासकट 1036 पौंड, पेटाऱ्यातली घेऊन घरी जोडली तर 536! पाचशे पौंड वाचत असतील तर आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा हातात पाना घेईल. अट अशी, की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. तेव्हा गाडी सुटी कशी करावी याचं पत्रक द्यायचं आणि गिऱ्हाइकाने ते शेवटाकडून वाचायचं, अशी तोड काढल्याची गोष्ट सांगतात. आमच्या ऑडिटरांनी ती ऐकली तर ते कानाला हात लावतील, पण कौतुकाने.

1973 साली परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी ‘सेव्हन’ बनवण्याचे हक्क कॅटरहॅमवाल्यांकडे गेले. सवलत संपली, खूळ राहिलं.

या घरगुती मोटारींची आतडी मात्र बहुधा परक्याची, भंगारातल्या एखाद्या फोर्डची. पहिल्या ‘सेव्हन’ला तीन गिअर होते, पुढे चार झाले. 1982 साली फोर्डची सिएरा आली आणि तिच्याबरोबर ‘टाइप नाइन’ नावाचा पाच गिअरांचा खोका प्रसिद्धीला आला. यथावकाश सिएरा भंगारात जाऊ लागल्या आणि शेडवाल्यांची दिवाळी झाली. फोर्डने यात केलं होतं काय, तर जुन्या चार गिअरांच्या खोक्याचं शेपूट वाढवून त्यात पाचवा गिअर बसवला होता. म्हणजे खोका लांब झाला. पुढचं इंजिन जागचं हलत नाही, मागचा आस हलत नाही. मग या लांबीची किंमत कोणी मोजायची? मधल्या दांड्याने! गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जो फिरता दांडा जातो, तो प्रोपेलर शाफ्ट. नवे मॅनेजर मोठं टेबल घेऊन आले की भिंती तशाच राहतात, हेडक्लार्कची खुर्ची तेवढी आखडते, त्यातलाच प्रकार.

या दांड्याच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे असतात, आणि तिथेच इतिहास दडलेला आहे. या सांध्याला युरोपात कार्डानचं नाव आहे. हा सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य, गणिती आणि अट्टल जुगारी. इंग्रज मात्र हूकचं नाव घेतात. शाळेत स्प्रिंगला वजनं टांगायला लावून ज्याने आपला छळ केला, तोच हा रॉबर्ट हूक. त्याने 1676 साली सूर्य पाहण्याच्या उपकरणांवरच्या पुस्तकात या सांध्याचं वर्णन केलं. मोटारीसाठी तो नीट बनवला अमेरिकेतल्या क्लॅरन्स स्पायसरने. 1903 साली पेटंट घेऊन त्याने पुढच्या वर्षी धंदाच थाटला. (पुण्याच्या औंधमधल्या कॉलेजचा स्पायसर वेगळा. पुणेकर पत्र लिहितील, म्हणून आधीच सांगितलं.)

या सांध्याला एक खोड आहे. वाकून फिरताना तो इमानाने फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंश वाकला तर हा फरक शेकडा दीडपर्यंत जातो. शेकडा दीड म्हणजे आमच्या दृष्टीने सरळ अफरातफर! उपाय काय, तर दुसऱ्या टोकाला तसाच सांधा बसवायचा. पहिला पुढे धावला की दुसरा तेवढाच मागे ओढतो. दोन चुका, बाकी शून्य. पण त्यासाठी दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, आणि दांड्याच्या दोन टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत. दांडा कापून पुन्हा वेल्डिंग करताना एक टोक पाव फेरा फिरलं, तर चुका एकमेकींना खोडण्याऐवजी एकमेकींत मिळतात. पाचव्या गिअरचं प्रमाण 0.82, म्हणजे इंजिन मिनिटाला 5000 फेरे घेत असेल तर दांडा सुमारे 6100 घेतो. फेऱ्यामागे दोन हिसके धरा. आणि ‘सेव्हन’मध्ये हा दांडा बसतो कुठे? दोन सीटांच्या मधल्या बोगद्यात, बसणाऱ्यांच्या कमरेला लागून! तो तुटला तर पुढचा हिशेब विमा कंपनीने करायचा.

म्हणून मी फोनवर जरा काळजीनेच विचारलं, “अरे, नेमका किती कापायचा हे कुठल्या पुस्तकात असेल ना?”

“पुस्तकावर जायचं नाही, दादा. गाडीवरच मोजायचं. चाकं जमिनीवर, माणसं सीटवर. हिला दीड तास बसवून ठेवलं होतं.”

“आणि मग?”

“गिअरबॉक्सच्या शेपटात दांड्याचं दातेरी टोक सरकतं. ते पुरतं आत ढकलायचं आणि थोडं बाहेर ओढायचं. खड्ड्यात मागचा आस वरखाली झाला की अंतर बदलतं, तेवढी जागा हवी. शिवाय दाते नव्या खोक्याशी जुळले पाहिजेत.”

“आत टेकला तर?”

“गिअरबॉक्स फुटेल. फारच बाहेर राहिला तर निसटेल.”

नव्या साहेबाशी किती सलगी ठेवावी, याचं इतकं नेमकं माप मला बावीस वर्षांच्या नोकरीत मिळालं नव्हतं.

कापाकापी मात्र त्याने शेडमध्ये केली नाही, हे बरं झालं. दांडा शाफ्टवाल्यांकडे दिला. त्यांनी नळी कापली, चिमटे एका रेषेत धरून वेल्डिंग केलं, यंत्रावर फिरवून पाहिला आणि हलक्या बाजूला लोखंडाची एक चिमुकली पट्टी डकवली. त्या पट्टीवरच सगळा तोल. बिल मी रुपयांत करून पाहिलं आणि थोडा वेळ बोललो नाही.

“कापलेला तुकडा तरी परत मागून घेतलास ना?” मी शेवटी विचारलं.

घेतला होता. सध्या त्यात तो पेन्सिली ठेवतो.