अंतःप्रज्ञा : अध्ययन व आकलन यांतील स्थान

अंतःप्रज्ञा : तर्काच्या पायऱ्या जाणीवपूर्वक न चढता एखादी गोष्ट एकदम उमगणे, आणि उमगताक्षणी तिच्याविषयी खात्री वाटणे, याला अंतःप्रज्ञा म्हणतात. बोलताना आपण ‘आतून वाटलं’, ‘चटकन डोक्यात आलं’ असे म्हणतो ते हेच. व्याख्येतील दोन अंगे मात्र वेगळी ठेवावी लागतात. उमगणे ही एक गोष्ट आणि खात्री ही दुसरी. चुकीच्या उत्तराची खात्रीही तितकीच पक्की असू शकते, आणि शिक्षणातले निम्मे प्रश्न तिथूनच सुरू होतात. सहजप्रवृत्ती जन्मजात असते, अंतःप्रज्ञा बहुतांशी कमावलेली असते. आँरी बेर्गसाँ यांच्या तत्त्वज्ञानातील अंतःप्रज्ञा आणि एल. ई. जे. ब्राउवर यांचा गणितातील अंतःप्रज्ञावाद हे स्वतंत्र विषय आहेत. येथील विचार शिकणे व समजणे यांपुरता आहे.

कमावलेल्या अंतःप्रज्ञेचा सर्वांत व्यापक नमुना म्हणजे मातृभाषा. मराठी घरात वाढणारे मूल शाळेचे तोंड पाहण्याआधीच ‘दादाने आंबा खाल्ला’, ‘दादाने पोळी खाल्ली’, ‘दादाने केळं खाल्लं’ असे बिनचूक बोलते. क्रियापद इथे कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहून बदलते. याला कर्मणी प्रयोग म्हणतात हे मुलाला पुढे कितीतरी वर्षांनी व्याकरणाच्या तासाला कळते, आणि तेव्हा तेच मूल प्रयोग ओळखताना चुकते. मोठ्यांची गत वेगळी नाही. ‘बस आली’, ‘फोन आला’, ‘तिकीट काढलं’ या शब्दांची लिंगे कोणत्या नियमाने ठरली हे सांगता येणार नाही, पण कोणी ‘बस आला’ म्हटले की कान लगेच अडखळतो. नोम चॉम्स्की यांच्या परंपरेतील भाषाविज्ञान तर बोलणाऱ्याच्या या निवाड्यालाच पुरावा मानते. नियम नंतर सापडतो, जाण आधी आलेली असते.

भारतीय परंपरेत या ज्ञानाची चर्चा ‘प्रातिभ’ आणि ‘आर्ष’ या नावांनी झाली. वैशेषिक दर्शनातील प्रशस्तपादांनी आर्षज्ञान मुख्यतः ऋषींचे मानले, तरी ते क्वचित सामान्य माणसालाही होते असे म्हणून घरगुती उदाहरण दिले : आपला भाऊ उद्या येणार असे मन सांगते आहे, असे म्हणणारी मुलगी. पुढच्या ग्रंथकारांनी हे उदाहरण बरेच चघळले. पण शिकण्याच्या दृष्टीने त्याहून मोलाचे विधान भर्तृहरींचे आहे. ‘वाक्यपदीया’च्या पहिल्या कांडात ते म्हणतात की रत्ने आणि नाणी यांची पारख जाणकारांना होते ती केवळ अभ्यासातून, ती अनुमानाने आलेली नसते आणि दुसऱ्याला शब्दांत सांगताही येत नाही. याच ग्रंथाच्या दुसऱ्या कांडात वाक्याचा अर्थ हाच प्रतिभा असल्याचे प्रतिपादन आहे, आणि प्रतिभेच्या उगमांत स्वभाव, योग यांच्या जोडीला अभ्यासही मोजलेला आहे. मम्मटांनी ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता व अभ्यास हे तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतू मानला. प्रतिभा म्हणजे निव्वळ दैवी देणगी, ही आज सर्रास बोलली जाणारी समजूत या ग्रंथकारांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

युरोपीय तत्त्वज्ञानात देकार्त यांनी अंतःप्रज्ञा व निगमन ही निश्चित ज्ञानाची दोन साधने मानली. कांट यांच्याकडे तिचा अर्थ इंद्रियगोचर वस्तूचे साक्षात दर्शन असा झाला, आणि स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्तालोत्सी यांनी त्या दर्शनावर प्राथमिक शिक्षण उभारले : आधी वस्तू हाती द्यायची, मग शब्द शिकवायचा.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. व्होल्फगांग कोलर यांनी तेनेरीफ बेटावर चिंपँझींवर केलेले प्रयोग 1917 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील सुलतान नावाच्या चिंपँझीने आखूड काठीत दुसरी काठी बसवून हाताबाहेरचे केळे ओढून घेतले. चाचपडत, चुका सुधारत शिकण्याहून वेगळी अशी ‘मर्मदृष्टी’ प्राण्यांनाही असते, असा कोलर यांचा निष्कर्ष होता. पाठ्यपुस्तकांतली हकिगत बहुधा इथेच संपते. पण 1945 मध्ये हर्बर्ट बर्च यांनी काठ्यांशी फारसा संबंध न आलेल्या चिंपँझींसमोर तशाच प्रकारचा प्रश्न ठेवला, तेव्हा बहुतेकांना तो सुटला नाही. मग तीन दिवस त्यांना काठ्या नुसत्या खेळायला दिल्या. त्यानंतर सगळ्यांनी तो झटक्यात सोडवला. लख्खकन सुचणे खरेच होते, पण त्यामागे काठी हाताळल्याचे दिवस होते.

माणसांबाबत हीच गोष्ट बुद्धिबळाने दाखवली. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांनी 1946 च्या प्रबंधात मांडले की अव्वल खेळाडू इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार पुढच्या चाली मोजत नाहीत; त्यांना योग्य चाल आधीच ‘दिसते’. 1973 मध्ये विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून ती आठवणीने पुन्हा लावायला सांगितली. दोन डझनांच्या आसपास मोहऱ्यांपैकी मास्टर दर्जाच्या खेळाडूने पहिल्या प्रयत्नात सुमारे 16 बरोबर लावली, नवख्याने सुमारे 4. मग तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली, तेव्हा मास्टर नवख्याच्या पंक्तीला येऊन बसला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती. हजारो डावांतून त्याच्या मनात आकृतिबंध साठले होते आणि पटावर ते त्याला ओळखू येत होते. अंतःप्रज्ञा म्हणजे ओळख पटणे, याहून अधिक काही नाही, असे सायमन यांनी पुढे ठामपणे मांडले. भर्तृहरींच्या रत्नपारख्याला हे मान्य झाले असते.

न सांगता येणारी ही पारख कायमची मुकी राहते असेही नाही. नवजात अतिदक्षता विभागातल्या अनुभवी परिचारिका, रक्ततपासणीचा निकाल येण्याआधीच, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग होत असल्याचे ओळखत. कशावरून, या प्रश्नाला ‘अनुभवाने’ यापलीकडे त्यांच्याकडे उत्तर नव्हते. बेथ क्रँडल व केरन गेटशेल-रायटर यांनी एकेका प्रसंगाची तपशीलवार उजळणी त्यांच्याकडून करून घेतली. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशी लक्षणे हाती आली की त्यांतील काही त्या वेळच्या वैद्यकीय साहित्यात नोंदलेलीच नव्हती. ही लक्षणे नव्या परिचारिकांना शिकवता येण्याजोगी होती. अंतःप्रज्ञेतून ज्ञानाकडे जाणारा रस्ता इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

गणितातील गाजलेली उदाहरणे आँरी प्वँकारे व श्रीनिवास रामानुजन यांची. कुतान्स येथे घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताना फुक्सीय फलांविषयीचा कळीचा संबंध आपल्याला सुचला, असे प्वँकारे यांनी नोंदवले आहे. त्याआधीचे नेटाचे काम आणि नंतरची पडताळणी यांवरही त्यांनी तितकाच भर दिला. रामानुजन यांच्या बाबतीत नामगिरी देवीच्या स्वप्नदृष्टान्ताची कथा जितकी सांगितली जाते तितकी त्यांच्या पाटीची सांगितली जात नाही. कागद परवडत नसल्याने ते पाटीवर गणिते करीत, कोपराने पुसत आणि फक्त अंतिम सूत्र वहीत उतरवीत. पोरवयात हाती आलेल्या कार यांच्या ‘सिनॉप्सिस’ या ग्रंथात हजारो सूत्रे होती आणि सिद्धता जवळजवळ नव्हत्या. त्या त्यांनी स्वतः उभ्या केल्या. टॅक्सीचा क्रमांक 1729 ही दोन धन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येणारी सर्वांत लहान संख्या, हे त्यांनी आजारपणात अंथरुणावरून, त्या टॅक्सीने भेटीला आलेले गणितज्ञ हार्डी यांना सांगितले. ते जागच्या जागी सुचलेले नव्हते. ही मांडणी त्यांच्या आधीच्या वह्यांत आहे.

हीच अंतःप्रज्ञा मूळ संख्यांच्या प्रदेशात मात्र फसली. दिलेल्या संख्येपर्यंत किती मूळ संख्या आहेत हे जवळजवळ अचूक सांगणारे सूत्र सापडल्याचा दावा रामानुजन यांनी 1913 च्या पत्रव्यवहारात केला होता. तो चुकीचा निघाला, कारण झीटा फलाची सदसत् शून्ये त्यांनी जमेस धरलेली नव्हती. या प्रदेशात भल्याभल्यांची फसगत झाली आहे. मूळ संख्यांची खरी गणती गाउस यांच्या लॉगरिदमी संकलाच्या अंदाजापेक्षा कमीच भरते, असे जेवढे आकडे तपासले होते त्या सर्वांवरून दिसत होते. 1914 मध्ये जे. ई. लिटलवुड यांनी सिद्ध केले की पुढे हा क्रम उलटतो, आणि असंख्य वेळा उलटतो. ज्या संख्यांशी आपला व्यवहार होतो त्यांवर पोसलेली अंतःप्रज्ञा त्यांच्या पल्याड काय घडते याची ग्वाही देऊ शकत नाही.

शाळेतील मुलाची अंतःप्रज्ञाही अशीच मर्यादित व्यवहारावर पोसलेली असते. एफ्राइम फिशबाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये इटलीतील विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात दाखवले की ‘गुणाकाराने वाढते, भागाकाराने घटते’ ही पूर्णांकांवर बसलेली समजूत दशांश अपूर्णांक शिकून झाल्यावरही टिकते. डाळ 160 रुपये किलो असेल तर 3 किलोची किंमत काढताना मूल बेधडक गुणते. 0.75 किलोची विचारली की तेच मूल भागू लागते, कारण उत्तर लहान यायला हवे हे त्याला आतून कळलेले असते. उत्तर 160 पेक्षा लहान येणार हा त्याचा अंदाज बरोबरच आहे. फसते ती क्रियेची निवड. मराठी शाळांत एकेकाळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीपासून औटकीपर्यंतचे पाढे पाठ करून घेत. त्या घोकंपट्टीची टिंगल पुष्कळ झाली. पण आठ पाव दोन आणि चार पाऊण तीन रोज म्हणणाऱ्या जिभेला गुणाकाराने संख्या घटण्याची सवय आपोआप होत असणार, हा तिचा गुण प्रस्तुत लेखकाला दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही.

काही वेळा उत्तर पटूनही मन ऐकत नाही. पृथ्वीला विषुववृत्तावर, सुमारे 40,000 किलोमीटर लांबीचा दोर घट्ट गुंडाळला आहे असे समजा. त्यात फक्त 1 मीटरची भर घातली आणि दोर सगळीकडे सारखा वर उचलला, तर तो जमिनीपासून किती उंच राहील? जवळजवळ प्रत्येक जण ‘नगण्य’ म्हणतो. उत्तर 16 सेंटिमीटर आहे. मांजर खालून जाईल. परिघातील वाढीला 2π ने भागले की झाले, पृथ्वीच्या आकाराचा संबंधच येत नाही. बीजगणित दोन ओळींचे आहे, आणि ते करून झाल्यावरही विश्वास बसत नाही.

भौतिकीत हा अडथळा सर्वांत बारकाईने तपासला गेला आहे. मायकेल मक्लोस्की व सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास विद्यापीठातील विद्यार्थ्यांना सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या वळणदार नळीचे चित्र दिले आणि नळीतून बाहेर पडलेली गोळी कोणत्या मार्गाने जाईल ते काढायला सांगितले. ती सरळ रेषेत जाते. अनेकांनी वळणच पुढे चालू ठेवले, आणि त्यांत भौतिकी शिकलेलेही होते. हे अडाणीपण नव्हे. गतीला सतत कशाचा तरी रेटा लागतो हा घर्षणाच्या जगातला रोजचा अनुभव आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही विद्यार्थ्यांच्या अशा पर्यायी संकल्पनांवर संशोधन झाले आहे. अँड्र्यू श्टुलमन व जोशुआ व्हालकार्सेल यांनी 2012 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली : विज्ञान शिकलेल्या प्रौढांनाही, बाळबोध समजुतीच्या विरोधात जाणारे वैज्ञानिक विधान खरे की खोटे हे ठरवायला जास्त वेळ लागतो. शिक्षणाने जुनी अंतःप्रज्ञा नाहीशी होत नाही. ती दबून राहते.

मग भरवसा कधी ठेवायचा? या प्रश्नावर परस्परविरोधी गोटांतले डॅनिएल कानेमान व गॅरी क्लाइन यांनी 2009 मध्ये एकत्र लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचे एकमत झाले. ज्या क्षेत्रात निर्णय घ्यायचा त्यात काही नियमितता असली पाहिजे; आणि आपला निवाडा चुकला की बरोबर आला हे कळत राहून शिकण्याची दीर्घ संधी मिळाली पाहिजे. बुद्धिबळपटू, अग्निशामक, परिचारिका यांना हे दोन्ही लाभते. शेअर निवडणाऱ्यांना व दीर्घ मुदतीची राजकीय भाकिते करणाऱ्यांना लाभत नाही, त्यांचा आत्मविश्वास कितीही असला तरी. खात्रीच्या तीव्रतेवरून अंतःप्रज्ञेची लायकी ठरत नाही.

शाळेत दुसरी अट पुरी करणे सर्वस्वी शिक्षकाच्या हाती असते. जेरोम ब्रूनर यांनी ‘द प्रोसेस ऑफ एज्युकेशन’ (1960) या पुस्तकात अंतःप्रज्ञ विचाराला स्वतंत्र प्रकरण दिले आणि शाळा अंदाज करण्याला उत्तेजन देत नाहीत ही तक्रार नोंदवली. आपल्याकडील उत्तरपत्रिकेतही पायऱ्यांना गुण असतात, अंदाजाला नसतात. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर यांनी बलसंकल्पनांवरची एक साधी चाचणी वर्गाला दिली, तेव्हा एकाने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू की मी एरवी विचार करतो त्याप्रमाणे? त्यानंतर त्यांनी तासाची घडीच बदलली : आधी प्रश्न, मग प्रत्येकाचे स्वतःचे उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. अंदाज उघडपणे बोलून दाखवायचा आणि तो तिथल्या तिथे पारखून घ्यायचा, एवढेच या पद्धतीचे सार आहे. अशा निरनिराळ्या पद्धतींची तुलना रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये भौतिकीच्या 62 अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून केली. नुसत्या व्याख्यानांच्या 14 अभ्यासक्रमांत शक्य त्या सुधारणेपैकी सरासरी 23 टक्के सुधारणा झाली, तर विद्यार्थ्यांना स्वतः उत्तर देऊन चर्चा करायला लावणाऱ्या 48 अभ्यासक्रमांत 48 टक्के.