फोन कुठून आलाय?

'द कॉल' (२०१३) या हॉलिवूडपटात एका मुलीला पळवून गाडीच्या डिकीत कोंडलेलं असतं. जवळच्या मोबाइलवरून ती ९११ हा आणीबाणीचा नंबर लावते आणि लॉस एंजेलिसच्या नियंत्रण कक्षातली जॉर्डन, म्हणजे हॅली बेरी, तो फोन घेते. पण फोन स्वस्तातला प्रीपेड, त्यावरून ठावठिकाणा लागत नाही. मग जॉर्डन तिला सांगते, गाडीचा मागचा दिवा लाथ मारून फोड आणि भोकातून हात बाहेर काढून हलवत राहा. दिग्दर्शक ब्रॅड अँडरसन यांनी अर्धा सिनेमा या एकाच अडचणीवर तोलला आहे: फोन आलाय, पण कुठून?

ऑपरेटरच्या पेशात ही अडचण नंतर आली. सुरुवातीला अडचण होती ती फोन उचलला जाण्याचीच.

१० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरांच्या घराला आग लागली. शेजारच्या एका गृहस्थांनी शून्य फिरवला आणि ते ताटकळत राहिले. तेव्हा काम कोणतंही असो, ऑपरेटर हवी तर शून्यच फिरवायचा. एक्स्चेंजमधल्या मुलींसमोर बोर्डावर सारखेच दिवे लागायचे. त्यातला कोणता ट्रंक कॉलसाठी आणि कोणता जीव वाचवण्यासाठी, हे बोलल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. त्या आगीत पाच बायका दगावल्या. गृहस्थांनी 'द टाइम्स'ला संतापून पत्र लिहिलं आणि सरकारी चौकशी बसली.

त्यातून ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा आणीबाणीसाठीचा वेगळा नंबर सुरू झाला. नऊच का, याची कारणं अगदी व्यवहारी होती. १११ धरला तर वाऱ्याने तारा एकमेकींना लागूनही तो आकडा आपोआप फिरण्याची भीती होती. उलट नऊचं भोक डायलवर शून्याला लागूनच असल्याने अंधारात, धुरातही चाचपून सापडायचं. सार्वजनिक फोनवरून शून्य आधीच फुकट लागे. त्यात थोडा बदल करून नऊही फुकट करणं सोपं होतं.

एक्स्चेंजमध्ये ९९९ आला की लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. भोंगा इतका कर्कश होता, की मुलींनी त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबला, असं सांगतात. पहिल्या आठवड्यात १,३३६ फोन आले. त्यातले ९१ निव्वळ टवाळखोरांचे होते.

अमेरिकेला एवढं साधायला आणखी तीन दशकं लागली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात पहिला ९११ वाजला. तो कोणी संकटातल्या माणसाने केला नव्हता. एका राजकारण्याने केला आणि पोलिस स्टेशनात बसलेल्या दुसऱ्या राजकारण्याने लाल फोनवर तो घेतला.

एव्हाना फोन पटकन उचलला जात होता, पण पत्ता सांगण्याआधीच बोलणाऱ्याची शुद्ध हरपली, तर पंचाईतच. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये एका फोनचा माग काढायचा म्हणजे इंजिनिअरने एकेक स्विच पाहत मागे मागे जायचं. पुढे संगणकामुळे घरच्या फोनचा पत्ता पडद्यावर आपोआप येऊ लागला. तेवढ्यात मोबाइल आले आणि फोनला घरच उरलं नाही. 'द कॉल'मधली डिकी नेमकी या फटीत उभी आहे.

स्वीडिश दिग्दर्शक गुस्ताव मोलर यांचा डॅनिश सिनेमा 'द गिल्टी' (२०१८) त्याच्याही पुढे जातो. अपहरण झालेल्या बाईचा फोन येतो. पोलिस ऑपरेटर आस्गर होल्म तिला बोलतं करून, टॉवरवरून अंदाज बांधून गाडीमागे गस्तीपथक पाठवतो. कॅमेरा नियंत्रण कक्षाबाहेर पडतच नाही, त्यामुळे प्रेक्षकालाही आस्गरइतकंच कळतं. ती कुठे आहे, हे शोधताना आस्गर एक गोष्ट धरूनच चालतो: त्या गाडीत गुन्हेगार कोण आणि बळी कोण. तिथेच तो चुकतो.