विषय मिळाला, पण प्रश्न कुठाय? अक्कलकोटच्या फत्तेसिंहांकडून शिकू या

पेट पास झालात, आता संशोधन आराखडा लिहायचाय. विषय ठरलाय: ‘अक्कलकोट संस्थानाचा इतिहास’. लिहायला बसा बरं. दुसऱ्या पानावर गाडी अडते की नाही? अडणारच. कारण हा नुसता विषय आहे, प्रश्न नाही. त्यात संस्थानाच्या मूळपुरुषापासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सगळंच मावतं. म्हणून काय वाचायचं आणि काय सोडायचं, हेच कळत नाही.

मग प्रश्न आणायचा कुठून? सगळ्यांना माहीत असलेल्या हकिकतीतूनच.

१७०७ साली औरंगजेब वारल्यावर शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटले आणि दक्षिणेकडे निघाले. वाटेत पारद गावाशी चकमक झाली. त्यात गावचे पाटील लोखंडे मारले गेले. पाटलांच्या पत्नीनं आपलं लहान मूल महाराजांच्या पायावर घातलं. महाराजांनी त्याला मुलगा मानलं आणि त्याचं नाव फत्तेसिंह ठेवलं. राणोजी लोखंडे नावाचं ते पोर पुढे फत्तेसिंह भोसले झालं, अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळपुरुष ठरलं.

ही गोष्ट आपण ऐकतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. संशोधकानं मात्र इथंच थांबायचं.

पहिला प्रश्न शब्दाला विचारा. ‘मुलगा मानलं’ म्हणजे नक्की काय केलं? विधिपूर्वक दत्तक घेतलं, की मायेनं वाढवलं? आडनाव मिळालं, अक्कलकोट मिळालं. त्यासोबत वारसाहक्कही आला का?

दुसरा प्रश्न, हे पारखायचं कुठं? १७४९ मध्ये. त्या डिसेंबरात शाहू महाराज वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता आणि फत्तेसिंह तेव्हा हयात होते. तरी गादीवर आले रामराजे. ताराबाईंनी ‘हा माझा नातू’ म्हणून त्यांना पुढे आणलं होतं. महाराणी सकवारबाईंचा कल कोल्हापूरच्या संभाजीराजांकडे होता. म्हणजे दोन्ही बाजूंची नावं जन्मानं भोसले असलेल्यांची. आता तुमच्या हाती एक तात्पुरतं उत्तर आलं: माया आणि जहागीर मानलेल्या लेकाला मिळू शकते, गादी मात्र रक्तालाच.

इथं लेखन संपवायचा मोह होतो. संपवू नका. तिसरा प्रश्न आपल्याच उत्तरावर उलटवा. पुढं ताराबाईंचं आणि रामराजांचं बिनसलं. तेव्हा ‘हा माझा नातूच नव्हे’ असं त्यांनीच जाहीर केलं आणि १७५२ मध्ये जेजुरीला तशी शपथही घेतली. तरी रामराजे १७७७ पर्यंत छत्रपती राहिले. मग गादीला रक्त लागत होतं, की रक्ताचा दावा आणि त्यामागं उभं राहणारं बळ? पेशव्यांना कोण सोयीचं होतं? बघा, अक्कलकोटच्या एका पोरापासून निघून तुम्ही अठराव्या शतकातल्या मराठी सत्तेच्या मुळाशी आलात. हा झाला प्रबंधाचा प्रश्न.

चौथा प्रश्न साधनांना. हे सांगतंय कोण, आणि कधी? मल्हार रामराव चिटणिसांनी शाहू महाराजांचं चरित्र लिहिलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे १७०७ नंतर जवळपास शंभर वर्षांनी. तोवर अक्कलकोटचं घराणं चांगलं स्थिरावलं होतं. म्हणून त्याच्या जोडीला समकालीन कागद हवेत: गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या रोजनिशा आणि सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड. त्यात फत्तेसिंहांचा उल्लेख कोणत्या शब्दांनी येतो, त्यांचं नाव कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर लिहिलंय, हे टिपत जा. आता वाचायला दिशा आली ना? मोडी का शिकायची, हेही वेगळं सांगायला नको.

तुमचा विषय दुसरा असेल, तरी क्रम हाच ठेवा. आधी नेहमीच्या एका शब्दाचा अर्थ विचारा. मग तो अर्थ जिथं कसोटीला लागला, तो प्रसंग शोधा. आलेलं उत्तर उलटं करून बघा. शेवटी सांगणाऱ्याची वेळ आणि गरज तपासा.

आणि गाइडकडे जाण्याआधी एक चाचणी घ्या: माझ्या प्रश्नाचं उत्तर मला हवंय त्याच्या उलट येऊ शकतं का? येऊ शकत नसेल, तर तो प्रश्न नव्हे, गौरवगाथा आहे. तिला प्रश्नचिन्ह लावून संशोधन होत नाही.