गळाला लागलेला इतिहास

गळ टाकून मासा धरणाऱ्या हौशी माणसाच्या बढाईला कोणत्याही समाजात फारशी प्रतिष्ठा नसते. हातून निसटलेला मासा प्रत्येक वेळी सांगताना वीतभर वाढतो, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. 'मेल्या म्हशीला मणभर दूध' ही आपली म्हण या प्रकारच्या कथनाला चपखल लागू पडते. साहित्याचा अभ्यासक शिकारकथेकडे निदान वसाहतवादी मनोवृत्तीचा नमुना म्हणून तरी वळतो. मासेमारीच्या कथेकडे तो तेवढ्यापुरताही वळत नाही. परंतु दक्षिण भारतातील एका माशाचा दीडशे वर्षांचा इतिहास आज आपल्यासमोर आहे, तो मुख्यतः अशा बढाईखोर नोंदींमुळे. या नोंदींनी काय जपले आणि काय दृष्टीआड केले, हे पाहणे दस्तऐवज वाचण्याचा व्यवसाय करणाऱ्या आपल्यासारख्यांना उपयोगाचे ठरेल.

हा मासा म्हणजे कावेरी खोऱ्यातील महसीर. मात्र छंद म्हणून मासे धरण्याची आपल्याकडील परंपरा इंग्रजांपासून सुरू होते, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांमध्ये, मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. माशांचे प्रकार, त्यांची आमिषे, गळ आणि दोरी यांचा विचार त्यात येतो. मराठी भाषेच्या प्राचीन खुणा शोधताना आपण ज्या ग्रंथाकडे जातो, त्याच ग्रंथात मासे गरवण्याचे शास्त्रही असावे, ही गोष्ट सूचक आहे. मात्र सोमेश्वराचा दृष्टिकोन विद्येचा आहे. कोणी, कधी, किती मोठा मासा धरला, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो प्रश्न एकोणिसाव्या शतकात आला.

त्या शतकातील दोन इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदी येथे शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिला कर्नल सायक्स. दख्खनच्या पाहणीच्या निमित्ताने त्याने इथल्या नद्यांतील मासे गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पात्रातील महसीरला त्याने 'खुद्री' हे नाव दिले. माशांना नावे देताना त्याने पुष्कळदा स्थानिक लोकांच्या तोंडचेच शब्द लॅटिन वळणात बसवले. 'मळ्या', 'शिंगटी' यांसारखे आपले शब्द त्यामुळे जीवशास्त्राच्या परिभाषेत जाऊन बसले. मासा कोणत्या जातीचा, हा सायक्सचा प्रश्न होता.

दुसरा अधिकारी मद्रासच्या सनदी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस. त्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि भारतात गळ टाकणाऱ्या इंग्रजांचे ते जणू पाठ्यपुस्तक बनले. स्कॉटलंडच्या नद्यांतील सामन मासा हा तेथील शौकिनांच्या दृष्टीने झुंजीचा अखेरचा मापदंड. महसीर त्या मापदंडाला पुरून उरतो, असे थॉमसचे प्रतिपादन होते. येथे मासा कोणत्या जातीचा, यापेक्षा तो किती झुंजतो आणि किती वजनाचा भरतो, हा प्रश्न मुख्य झाला. पुढच्या शंभर वर्षांचा लेखनव्यवहार याच वळणावर गेला.

१९१९ च्या डिसेंबरात मेजर रिव्हेट-कार्नाक याने कावेरीत ११९ पौंडांचा महसीर धरला. २२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील द वेट व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर काढला. गळाने धरलेल्या महसीरचा हा विक्रम म्हणून आजही सांगितला जातो. व्हॅन इंगेन यांचा व्यवसायच शिकारीतील प्राण्यांची कातडी व मुंडकी पेंढा भरून टिकवण्याचा होता, हा तपशील मला बोलका वाटतो. वाघ भिंतीवर टांगला जातो, मासा आकड्यात टांगला जातो.

या कथनप्रकाराला अपवाद नव्हते असे नाही. जिम कॉर्बेटच्या नरभक्षक वाघांवरील १९४४ च्या प्रसिद्ध पुस्तकात महसीर गरवण्यावर एक प्रकरण आहे. त्यात हाती आलेल्या माशाइतकेच महत्त्व नदीकाठच्या परिसराला आणि पाखरांच्या आवाजाला मिळते. परंतु सर्वसाधारण नोंदीचा साचा ठरून गेला होता: दिनांक, नदी, वजन आणि माशाशेजारी उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र. ज्याने वेताच्या गोल होडीतून त्या माणसाला डोहापर्यंत नेले, नाचणीच्या पिठाचा गोळा मळून गळाला लावला आणि खडकात अडकलेली दोरी सोडवण्यासाठी पाण्यात उडी घेतली, तो माणूस बहुधा छायाचित्राच्या कडेला असतो. त्याचे नाव क्वचितच दिलेले असते.

स्वातंत्र्यानंतर ही परंपरा जवळजवळ विसरली गेली. मोठे महसीर संपले, अशीच समजूत रूढ झाली. १९७७-७८ मध्ये तीन ब्रिटिश तरुण त्यांच्या शोधात भारतात आले आणि कावेरीत त्यांना नव्वद पौंडांहून मोठा मासा मिळाला. या बातमीने जगभरचे शौकीन पुन्हा कावेरीकडे वळले. भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे येथे छावण्या उभ्या राहिल्या. त्यांचा नियम नवा होता: मासा धरायचा, वजन करायचे, छायाचित्र घ्यायचे आणि त्याला जिवंत पाण्यात सोडायचे. पूर्वी सुरुंगाच्या दारूने मासे मारणारी काही स्थानिक माणसे या छावण्यांत वाटाडे म्हणून राबू लागली. मेलेल्या माशापेक्षा जिवंत मासा अधिक रोजगार देतो, हे व्यवहाराने सिद्ध झाले होते. महसीर वाचला, असे सर्वांना वाटू लागले.

हे वाटणे किती खरे होते, याचे उत्तर त्याच छावणीच्या नोंदवह्यांनी दिले. गालिबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या. २३,६२० तासांच्या मासेमारीत ६,१६१ महसीर धरले गेल्याची नोंद तेथे होती. सर्वांत लहान एक पौंडाचा, तर सर्वांत मोठा १०४ पौंडांचा. दर तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या या काळात वाढत गेली होती. वरवर पाहता ही यशोगाथाच होती. परंतु माशांचे सरासरी वजन घटत गेले होते. जुन्या पुस्तकांतील चित्रे आणि छायाचित्रे या नोंदींशेजारी ठेवली, तेव्हा खरी गोष्ट समोर आली. पूर्वीच्या सर्व चित्रांत दिसणारा, डोक्यामागे ठळक कुबड असलेला प्रचंड मासा झपाट्याने नाहीसा होत होता. त्याच्या जागी निळसर परांचा दुसराच महसीर वाढत होता.

हा दुसरा महसीर आपल्या ओळखीचा आहे. तो सायक्सचा खुद्री. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळच्या वळवण येथील टाटा वीज कंपनीच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या जातीची कृत्रिम पैदास यशस्वी केली. धरणांनी नद्या अडल्यावर महसीर नष्ट होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो सर्वथा स्तुत्य होता. तेथील पिल्ले देशातील अनेक जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती. महसीर म्हणजे महसीर, या सर्वमान्य समजुतीत एका खोऱ्याचा मासा दुसऱ्या खोऱ्यात गेला. वाळूउपसा, धरणे आणि सुरुंग यांनी आधीच खचलेल्या मूळ रहिवाशाला हा एक नवा स्पर्धक मिळाला.

या प्रकरणातील सर्वांत विलक्षण बाब अशी की, जगभर ख्याती पावलेल्या त्या कुबड्या महसीरला तोपर्यंत निश्चित शास्त्रीय नावच नव्हते. २००७ मध्ये केरळातील पांबार नदीतून 'टॉर रेमादेवी' या नावाने एक जात वर्णिली गेली होती. कावेरीचा कुबड्या महसीर तो हाच, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले आणि त्याच वर्षी ही जात 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदवली गेली. ज्याच्यावर दीडशे वर्षे लिहिले गेले, ज्याचे वजन पौंडापर्यंत मोजले गेले, त्याचे नामकरण आणि त्याच्या अंताची सूचना जवळजवळ एकाच वेळी झाली.

कारण उघड आहे. नोंदीचा साचा वजनाचा होता, जातीचा नव्हता. अभिमान ज्या गोष्टीचा असतो तीच माणूस लिहितो आणि जे लिहिले जात नाही ते हळूहळू दिसेनासे होते. म्हणून अभिमानाच्या नोंदी टाकाऊ ठरतात काय? मला तसे वाटत नाही. वन्यजीव कायद्याच्या अन्वयार्थानुसार २०१२ मध्ये कावेरी अभयारण्यातील ही मासेमारी बंद झाली. त्यानंतर नोंदवहीही थांबली आणि नदीवर रोज नजर ठेवणारी माणसेही हटली. बंदीचे समर्थन करताना या हानीचाही हिशेब मांडला पाहिजे.

येथे आपल्याकडच्या एका वेगळ्या परंपरेची आठवण होते. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या डोहात महसीर राहतात. ते देवीचे मासे मानले जातात. त्यांना कोणी धरत नाही. तेथे वजनाचा आकडा नाही, छायाचित्राचा दिमाख नाही आणि विक्रमही नाही. श्रद्धेने मासा राखला, पण तिला त्याची मोजदाद ठेवण्याची गरज भासली नाही. गळाने मोजदाद ठेवली, पण ती एकाच मापाने. दोन्हींच्या मर्यादा ओळखल्याखेरीज नदीचा इतिहास लिहिता येणार नाही.

आत्मचरित्रे, प्रवासवर्णने, शिकारकथा शिकवताना आपण लेखकाच्या अतिशयोक्तीवर बोट ठेवतो आणि तेथेच थांबतो. व्हॅन इंगेनच्या माशाचे वजन बहुधा बिनचूक होते. फसगत आकड्यात नव्हती. कोणता आकडा लिहिण्याजोगा मानला, त्या निवडीत होती. विद्यार्थ्यांना दस्तऐवज वाचायला शिकवताना 'हे खरे आहे काय' या प्रश्नाबरोबरच 'या वहीत कोणता रकाना आखलेलाच नव्हता' हाही प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे. कावेरीच्या नोंदवहीत तो रकाना माशाच्या जातीचा होता आणि होडी वल्हवणाऱ्याच्या नावाचाही.