कॅटालूची : स्मोकी पर्वतातले खोरे आणि तंबूतळ

कॅटालूची : अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हेवूड काउंटीत, ग्रेट स्मोकी मौंटन्स राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व भागात असलेले डोंगरी खोरे. याच खोऱ्यात ओढ्याकाठच्या झाडीत २७ जागांचा तंबूतळ आहे. हे उद्यान अमेरिकेत सर्वाधिक पर्यटक येणारे राष्ट्रीय उद्यान असून अलीकडच्या वर्षांत तिथे वर्षाला एक कोटी वीस लाखांच्या आसपास भेटी नोंदल्या जातात. त्यातला फार थोडा ओघ कॅटालूचीकडे वळतो. तळावर वीज नाही, अंघोळीची सोय नाही, दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही. रानात तंबू ठोकून राहण्याची हौस असलेली माणसे नेमकी याच कारणांसाठी इथे येतात.

खोऱ्यात उतरणारी वाट हीच इथली पहिली ओळख. अ‍ॅशव्हिल शहराकडून पश्चिमेला येणारा आंतरराज्य महामार्ग ४० सोडला की कोव्ह क्रीक रोड लागतो. खोऱ्यापर्यंतचे अंतर जेमतेम अठरा किलोमीटर, पण त्याला पाऊण तास तरी लागतो. वस्ती संपते, डांबर संपते आणि खडीचा अरुंद रस्ता वळणे घेत कोव्ह क्रीक खिंड चढू लागतो. बऱ्याच ठिकाणी कडेला कठडा नाही, समोरून गाडी आली तर एकाला मागे सरकावे लागते. खिंडीची उंची सुमारे १,२४० मीटर आहे. तिथून रस्ता उतरणीला लागतो तो थेट सपाट कुरणांपर्यंत.

खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. भोवतीच्या रांगांतली काही शिखरे १,८०० मीटरच्या पुढे जातात, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. आग्नेयेला कॅटालूची डिव्हाइड आणि पश्चिमेला बाल्सम पर्वताची धार. नोलंड डोंगरामुळे खोऱ्याचे दोन भाग पडतात, बिग आणि लिटल कॅटालूची. डोंगरउतारांवरचे सगळे ओढे कॅटालूची क्रीकमध्ये येतात आणि ती पुढे पिजन नदीवरच्या वॉटरव्हिल जलाशयाला मिळते. पाऊस भरपूर आहे. स्मोकी पर्वतात दऱ्यांमध्ये वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पडतो, तर माथ्यांवर २१०० मिलिमीटरपर्यंत जातो. डोंगरांवर सतत तरंगणारा निळसर धुरकटपणा झाडांनी हवेत सोडलेल्या बाष्पशील द्रव्यांमुळे दिसतो, आणि पर्वताचे ‘स्मोकी’ हे नाव त्यावरूनच पडले.

युरोपीय वसाहत होण्याआधी हा सारा मुलूख चेरोकी लोकांचा होता. शिकारीसाठी आणि डोंगर ओलांडण्यासाठी त्यांनी पाडलेल्या पायवाटाच पुढे गोऱ्या प्रवाशांनी वापरल्या. मेथडिस्ट पंथाचे बिशप फ्रान्सिस अ‍ॅसबरी १८१० मध्ये इथूनच गेले. १८३० च्या दशकात कॉल्डवेल, पामर अशी कुटुंबे शेती करायला आली आणि स्थिरावली. शतकाच्या मध्यास बैलगाड्यांचा रस्ता झाला. त्यानंतर वस्ती वाढत गेली आणि १९१० च्या सुमारास दोन्ही खोऱ्यांत मिळून बाराशेच्या आसपास माणसे राहत होती. त्या काळी स्मोकी पर्वतातल्या मोठ्या वस्त्यांत कॅटालूचीची गणना होई.

या माणसांचा संसार जंगलावर चाले. मका, गुरे, मधमाश्या आणि रानात मोकळी सोडलेली डुकरे हे त्याचे मुख्य आधार. शरदात चेस्टनटच्या फळांचा सडा पडे. डुकरे त्यावर पोसली जात आणि उरलेली फळे बाजारात विकली जात. लिटल कॅटालूचीत सफरचंदाच्या बागा होत्या, आणि तिथला माल डोंगरापलीकडे जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राउट मासे धरायला शहरातले हौशी येऊ लागले आणि काही शेतकऱ्यांनी त्यांच्यासाठी राहण्या-जेवणाची सोय सुरू केली. खोऱ्यात मुक्काम करून निसर्ग अनुभवण्याची प्रथा उद्यानापेक्षा जुनी आहे, आणि ती इथल्याच घरांतून सुरू झाली.

मग दोन घाव पडले. आशियातून आलेल्या बुरशीने चेस्टनटची झाडे मारायला घेतली आणि १९४० पर्यंत हा वृक्ष स्मोकी पर्वतातून जवळपास नाहीसा झाला. दुसरा घाव राष्ट्रीय उद्यानाचा. पश्चिमेकडची उद्याने सरकारी पडीक जमिनीवर उभी राहिली होती. स्मोकी पर्वतातली जमीन मात्र लाकूड कंपन्यांची आणि हजारो शेतकऱ्यांची होती. नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी या दोन राज्यांनी ती तुकड्या-तुकड्यांनी विकत घेतली आणि त्यासाठी रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून पन्नास लाख डॉलर आले. १९३४ मध्ये उद्यान स्थापन झाले. १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे औपचारिक लोकार्पण झाले. तोवर कॅटालूचीतली बहुतेक कुटुंबे उठून गेली होती. काहींना भाडेपट्ट्यावर हयातभर राहण्याची मुभा मिळाली. बाकीच्यांनी मोबदला घेतला आणि खिंडीपलीकडे नव्याने चूल मांडली. आज ‘अस्पर्श रान’ म्हणून जे पाहिले जाते त्याचा मोठा भाग नव्वद वर्षांपूर्वी नांगरटीखाली होता. हे ठाऊक नसेल तर कॅटालूची कळत नाही.

त्या गावाच्या मोजक्याच खुणा उरल्या. बरीचशी घरे पाडली गेली किंवा जाळली गेली, काही जाणूनबुजून जपली गेली. पामर चॅपल हे पांढरे लाकडी प्रार्थनामंदिर १८९८ चे, बीच ग्रोव्ह शाळा १९०१ ची, लिटल कॅटालूचीतले बॅप्टिस्ट चर्च १८८९ चे. पामर यांचे घर तर बांधकामाचा एक धडाच आहे. ओंडके रचून केलेल्या दोन स्वतंत्र खोल्या, दोहोंवर एकच छप्पर आणि मधोमध आरपार मोकळी वाट. उन्हाळ्यात त्या वाटेतून वारा खेळे आणि घरातली बरीच कामे तिथेच उरकत. कुटुंबाची स्थिती सुधारली तेव्हा ओंडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या, त्यामुळे बाहेरून ते साधे फळ्यांचे घर वाटते. भिंतीच्या पोटातले ओंडके आत गेल्यावरच कळतात. याउलट कॉल्डवेल कुटुंबाचे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले घर कापीव लाकडाचे असून आतून नीट फळ्या बसवलेले आहे. दोन्ही घरे एकापाठोपाठ पाहिली की काही दशकांत या खोऱ्यात किती समृद्धी आली होती ते लक्षात येते.

जुन्या कुटुंबांचे वंशज दर ऑगस्टमध्ये पामर चॅपलमध्ये जमतात. प्रार्थना होते, पूर्वजांच्या थडग्यांवर फुले वाहिली जातात आणि घरून आणलेले जेवण सगळे मिळून जेवतात.

कॅटालूचीचे नाव आज दूरवर पोहोचले ते मात्र एल्कमुळे. एल्क हा सांबराच्याच कुळातला मोठा प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २७० ते ३२० किलोपर्यंत भरते. शिकार आणि जंगलतोड यांमुळे नॉर्थ कॅरोलायनातून तो अठराव्या शतकाच्या अखेरीस नाहीसा झाला होता. २००१ मध्ये उद्यानाने २५ एल्क आणून याच खोऱ्यात सोडले आणि पुढच्या वर्षी आणखी २७ सोडले. सुरुवातीची वर्षे कठीण गेली, कारण अस्वले नवजात पिल्ले उचलत. तेव्हा विणीच्या दिवसांत काही अस्वलांना पकडून उद्यानातच दूर नेऊन सोडण्यात आले. तेवढा काळ निघाल्यावर माद्या पिल्लांना जपायला शिकल्या आणि कळप वाढला. आता एल्क खोऱ्याबाहेरही, चेरोकी गावाजवळच्या ओकोनालफ्टी भागातही दिसतात.

माणसांनी साफ केलेली शेते इथे एल्कच्या कामी आली. उद्यान प्रशासन ती कुरणे कापून मोकळी ठेवते आणि सकाळ-संध्याकाळ कळप चरायला तिथे उतरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर येतात. त्यांची हाक खोल गुरगुरीने सुरू होते, चढत चढत शिट्टीसारखी बारीक होते आणि दीड-दोन किलोमीटरवर ऐकू जाते. त्या दिवसांत तळावर झोपलेल्या माणसाला पहाटे घड्याळाची गरज पडत नाही. एल्क किंवा अस्वलाच्या ४५ मीटरच्या आत जाणे हा गुन्हा आहे. रात्री प्राण्यांवर प्रकाशझोत टाकायलाही बंदी आहे, आणि नकली हाक काढून त्यांना जवळ बोलावता येत नाही.

तंबूतळ सुमारे ७९५ मीटर उंचीवर, ओढ्याच्या अगदी जवळ आहे. प्रत्येक जागेवर तंबूपुरती सपाट भुई, बाकासह लाकडी टेबल आणि जाळी बसवलेले लोखंडी चुलाण असते. एका जागेवर जास्तीत जास्त सहा माणसे राहू शकतात. पाण्याचा नळ आणि थंड पाण्याची स्वच्छतागृहे सामाईक आहेत. गरम पाणी चुलीवर तापवून घ्यावे लागते. छोट्या राहत्या गाड्यांनाही प्रवेश आहे, पण त्यांना विजेची किंवा पाण्याची जोडणी मिळत नाही. तळ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर खुला असतो आणि जागा आधीच आरक्षित करावी लागते. आयत्या वेळी खिंड उतरून आलेल्याला परत चढावे लागते. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचा नियम आहे. तेव्हा ओढ्याचा आवाज एवढा भरून राहतो की शेजारच्या तंबूतले बोलणेही कानावर येत नाही.

अन्न सांभाळणे हा इथला सर्वांत काटेकोर नियम. उद्यानात सुमारे १,९०० काळी अस्वले आहेत आणि अस्वलाचे नाक तीक्ष्ण असते. शिधा, उष्टी भांडी, स्वयंपाकाची शेगडी, रिकामी शीतपेटी, टूथपेस्ट, साबण, कुत्र्याचे खाणे असे वास येणारे सारे काही जेवणाची वेळ सोडता गाडीत, नजरेआड बंद ठेवावे लागते. तंबूत बिस्किटाचा पुडाही ठेवायचा नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल धीट होते, तंबू फाडू लागते आणि अखेर त्याला मारण्याची वेळ येते. म्हणून कचरा अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेट्यांतच टाकावा लागतो.

सरपणाचा नियमही असाच सकारण. बाहेरून आणलेले लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेले आणि तसे प्रमाणपत्र असलेलेच हवे. उद्यानात पडलेली सुकी लाकडे मात्र गोळा करून जाळता येतात. परक्या लाकडातून किडी आणि बुरशी जंगलात शिरतात. चेस्टनटचा अनुभव गाठीशी होताच, त्यात २००२ मध्ये उद्यानात हेमलॉक वृक्षांवर आशियातून आलेली एक सूक्ष्म रसशोषक कीड आढळली. सुईसारख्या पानांच्या बुडाशी कापसाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले की ती लागली असे समजावे. ओढ्यांवर सावली धरणारे शेकडो वर्षांचे हेमलॉक तिने वाळवले. औषधोपचार करून आणि तिला खाणारे भुंगे सोडून काही झाडे वाचवण्यात आली आहेत.

तळावर मन रमले तरी पायी भटकण्याजोगे बरेच आहे. रफ फोर्क पायवाटेने दीडेक किलोमीटर गेले की वुडी कुटुंबाचे घर लागते. कॉल्डवेल फोर्क आणि बूगरमन या दोन वाटा जोडून सुमारे बारा किलोमीटरची फेरी होते. ‘बूगरमन’ हे रॉबर्ट पामर या एकलकोंड्या शेतकऱ्याचे टोपणनाव. त्याने आपल्या जमिनीवर लाकूडतोड्यांना पाऊल टाकू दिले नाही, म्हणून तिथले ट्यूलिप पॉपलर आणि पाइन आजही कवेत न मावणारे आहेत. ज्यांना गाडीरस्त्याच्या तळाहूनही साधे राहणे हवे त्यांच्यासाठी आतल्या वाटांवर कॉल्डवेल फोर्क, प्रिटी हॉलो अशा मुक्कामाच्या जागा आहेत. तिथे पाठीवरची पिशवी हेच घर. ओढ्याचे पाणी उकळून किंवा गाळून प्यावे लागते आणि शिधा लोखंडी तारेवर कप्पीने उंच टांगावा लागतो. त्यासाठी आगाऊ परवाना लागतो. माउंट स्टर्लिंग (१,७८० मीटर) शिखरावर वणव्याच्या टेहळणीसाठी उभारलेला सुमारे १८ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा आहे आणि त्याच्या पायथ्याशी तंबू ठोकता येतो.

एप्रिल-मेमध्ये जंगलाच्या भुईवर रानफुले येतात. जूनमध्ये एल्कची पिल्ले जन्मतात, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटासह सरी कोसळतात. ऑक्टोबरच्या मध्यास मॅपल आणि हिकरीची पाने रंग बदलतात. हा सर्वाधिक मागणीचा काळ. उन्हाळ्यातही पहाटे गारवा असतो आणि ऑक्टोबरच्या रात्री चांगल्याच थंड होतात. अंगाखालचे अंथरूण अंगावरच्या पांघरुणाइतकेच जाड लागते, हे सपाट भुईवर झोपलेल्याला पहिल्याच रात्री कळते.

२७ सप्टेंबर २०२४ रोजी हेलीन चक्रीवादळाच्या पावसाने या प्रदेशात हाहाकार उडवला. पिजन नदीच्या घळीत महामार्ग ४० चे तुकडे वाहून गेले. कॅटालूचीतले ओढे पात्राबाहेर आले, रस्ते आणि पूल उद्ध्वस्त झाले आणि खोरे पर्यटकांसाठी बंद करावे लागले. तेव्हापासून इथे येणाऱ्याने निघण्यापूर्वी रस्ता, तळ आणि पायवाटा यांची ताजी स्थिती उद्यान प्रशासनाकडून विचारून घेणे आवश्यक आहे. उद्यानात प्रवेशशुल्क नाही. मार्च २०२३ पासून गाडी पंधरा मिनिटांहून अधिक काळ उभी करायची असल्यास पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो. इंधन, शिधा आणि छापील नकाशा खिंडीअलीकडच्या वेन्सव्हिल किंवा मॅगी व्हॅली या गावांतच घेऊन ठेवावा. खोऱ्यात यांतले काहीही मिळत नाही.