वैशाखातले फोटो

आमच्या घरातल्या ट्रंकेत फोटोंचे दोन रंग आहेत. म्हसा गावच्या जत्रेचे फोटो काळेभोर आहेत. पौष पौर्णिमेची ती गर्दी, बैलांच्या शिंगांचे गोंडे, घोंगड्यांच्या राशी, सगळं काल धुऊन काढल्यासारखं दिसतं. लग्नांचे फोटो मात्र पिवळे पडलेत. नवरीच्या शालूची नक्षी पुसली गेलीय, मांडवातल्या माणसांचे चेहरे हळद लागल्यासारखे झालेत. कॅमेरा तोच, फिल्म तीच, हात मोठ्या काकांचाच. मग हा फरक कुठून आला, हे मी लहानपणापासून विचारत असे. काका म्हणायचे, ‘‘वैशाखातले फोटो आहेत ते.’’ एवढ्यानं मला काही कळायचं नाही. पुढचं मोठ्या काकूनं सांगितलं, थोडं थोडं करून, कित्येक वर्षांत.

काका शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीतले फोटोवाले. साठच्या दशकात गिरगावातल्या एका स्टुडिओत हाताखाली काम करून ते हा धंदा शिकले. परत येताना त्यांनी जुना यशिका डी आणला. दोन भिंगांचा हा जपानी कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. काचेत डावं उजवीकडे दिसतं. नवरदेव उजवीकडे सरकला की कॅमेरा कुठे वळवायचा, हे हाताला सवयीनंच कळतं. एका रोलमध्ये बारा फोटो. बटण दाबून गोल फिरवलं की फिल्म पुढे सरकते, शटर वेगळं ताणावं लागतं. फिल्म पुढे न्यायला विसरलात तर एकाच चौकटीत दोन प्रसंग उमटतात. म्हणून प्रत्येक फोटोनंतर काका पुटपुटत, ‘‘फिरवला.’’ म्हातारपणी दाराची कडी लावल्यावरही त्यांच्या तोंडून तोच शब्द निघायचा.

फिल्म, कागद आणि पावडरी बोरा बाजारातून यायच्या. आसनगावहून गाडी, व्हीटीला उतरून चालत. कधी पूर्व जर्मनीची ओर्वो मिळे, कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. घरी मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट आणि बोरॅक्स तोलून डेव्हलपर करायचा. तो वीस अंशांवर असावा असं पुस्तक सांगतं. आमच्याकडे वैशाखात खोलीतलं पाणीच तिशीच्या वर. मग फिल्म निम्म्या वेळात काळी पडते आणि तिच्यावरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन सुटायला बघतो. काका बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत आणि हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, तुरटी घालत. तुरटीनं थर घट्ट होतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून फिरवायची तुरटीही तीच, एकाच डब्यातली.

कागदावर फोटो दिसायला लागला की काम संपलं असं बघणाऱ्याला वाटतं. खरं काम तिथून पुढे असतं. कागदावर उजेड न लागलेले चांदीचे क्षार उरलेले असतात. ते हायपोनं विरघळवून काढले नाहीत तर फोटो उजेडात काळा पडेल. म्हणून हायपो हवाच. पण तो नंतर कागदातून पुरता निघायला हवा, कारण कागदाच्या धाग्यांत तो मुरून बसतो. राहिलेल्या हायपोतलं गंधक हळूहळू चांदीला धरतं. पेटीत ठेवलेलं पैंजण ज्यानं काळवंडतं त्याच गंधकानं फोटो पिवळा पडतो. एका वर्षात नाही कळत. वीस वर्षांनी कळतं. यावर उपाय एकच आहे, तासभर वाहतं पाणी.

आणि लग्नं वैशाखात.

काकू सांगायची, ‘‘गावातली विहीर तळाला गेली की आम्ही पहाटे तीनला उठायचो. बाहेरच्या विहिरीवर बायांची रांग. वाटीनं पाणी खरवडून हंडा भरायचा. घरी आणलं की एक हंडा प्यायला, एक गुरांना, आणि ह्यांचं आपलं, फोटोला किती ठेवलंस?’’ काकांकडे इनॅमलची तीन घमेली होती. वाहतं पाणी नव्हतं, म्हणून फोटो बुडवून ठेवायचे, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा भरायचं. एका लग्नाच्या फोटोंना सात हंडे लागत, असा काकूचा हिशेब. पौषात ती सात हंडे देई. वैशाखात तीन. कधी दोन.

काकांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांच्याकडे ते तपासायचीही सोय होती. विहिरीत टाकायचं जांभळं औषध, म्हणजे परमँगनेट, त्याचा एक खडा ते पुडीत ठेवत. दोन काचेच्या ग्लासांत फिकं जांभळं पाणी करायचं. एकात विहिरीच्या पाण्याचे चार थेंब, दुसऱ्यात ओल्या फोटोच्या कोपऱ्यातून निथळलेले चार थेंब. दोन्ही ग्लास सारखे जांभळे राहिले तर फोटो स्वच्छ. दुसऱ्याचा रंग उतरून पिवळट झाला तर हायपो अजून आत आहे. काकू म्हणते, वैशाखात ते ग्लास लावायचेच नाहीत. रंग उतरणार हे ठाऊक असायचं, आणि चौथा हंडा मागायचं तोंड नसायचं.

एकदाच काका या विषयावर भरभरून बोलले. गिरगावच्या स्टुडिओत मोरीतल्या हौदात फोटो टाकून नळ सोडून देत. पाणी फोटोंवरून वाहत गटारात जाई. पहिल्या दिवशी काकांनी धावत जाऊन नळ बंद केला, तर मालक ओरडले. कोणीतरी समजावलं, अरे, तानसाचं पाणी आहे, संपत नाही. ‘‘तानसा म्हणजे आमच्या तालुक्यातलं,’’ काका मला म्हणाले. ‘‘आपल्याच डोंगरांतलं पाणी तिथे तासभर फोटोंवरून वाहत होतं. तिथले फोटो म्हणून काळे राहिले.’’

पुढे मी वाचत गेलो तसा हा धागा लांबत गेला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली 1854 मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार. तेव्हा मुंबईतही विहिरी आणि तळ्यांचंच पाणी होतं. विहार तलावाचं काम 1860 मध्ये पुरं झालं. म्हणजे मुंबईचे पहिले फोटोवालेही पाणी ओढूनच आणत असणार, आमच्या काकूसारखी माणसं त्यांच्याही पाठीशी असणार. मग तुळशी आला आणि 1892 मध्ये तानसा. शहराच्या पाण्याची वाट शहापूरपर्यंत पोचली. नंतर भातसा झालं. आज मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं भातसाचं. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हे दरवर्षी वर्तमानपत्रात छापून येतं आणि दरवर्षी आम्ही वाचतो. आमच्या ट्रंकेत मात्र ते फोटोंच्या रंगात नोंदलेलं आहे. कुठल्या घरी किती पाणी होतं हे पिवळेपणावरून सांगता येईल.

रंगीत फोटोंचे रोल कल्याणला धुवायला जाऊ लागले तशी काकांची खोली बंद पडली. काका गेल्यावर यशिका माझ्याकडे आला. मी त्यात अजून फिल्म घालतो. मान खाली घालून काचेत पाहिलं की काकांसारखाच श्वास धरला जातो आणि शटर दाबल्यावर तोंडून निघतं, ‘‘फिरवला.’’ फिल्म धुताना टाकी पाण्यानं तीनदा भरून, पाच, दहा आणि वीस वेळा उलटीपालटी करून भागतं. फिल्मचा पाया प्लॅस्टिकचा, त्यात हायपो मुरत नाही. म्हणूनच काकांच्या निगेटिव्ह अजून लख्ख आहेत. पिवळे पडले ते कागद. निगेटिव्हला तीन हंडे पुरले होते.

गेल्या आषाढात मी आईबाबांच्या लग्नाची, 1974 च्या वैशाखातली निगेटिव्ह काढली आणि जुन्या पद्धतीच्या कागदावर नवा फोटो केला. धुवायला घमेलं पागोळ्यांखाली ठेवलं. कौलांवरून धार पडत होती, घमेलं भरून वाहत होतं. तासाभरानं दोन ग्लास लावले, काकांसारखे. चार थेंब इकडे, चार तिकडे. दोन्ही जांभळे राहिले.

काकू ओट्यावर बसली होती. तिला फोटो दाखवला. जुन्या फोटोत मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात नुसता पिवळा धूर आहे. नव्यात तिथे एक बाई आहे, डोक्यावर हंडा, चेहरा अर्धा वळलेला. काकूनं कितीतरी वेळ पाहिलं.

‘‘मीच की रे ही. लग्नाचं पाणी भरून झालं होतं. हा खोलीकडे नेत होते, रात्री फोटो धुवायचे म्हणून.’’

मग फोटोच्या कडेवरचा थेंब तिनं पदरानं टिपला आणि विचारलं, ‘‘ह्याला किती हंडे लागले?’’

‘‘मोजले नाहीत काकू,’’ मी म्हणालो. ‘‘पागोळ्या चालूच होत्या.’’