किटली आणि पातेले : भारतीय घरातील चहाच्या रीतीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

चहाचे मळे, मजूर, कंपन्या आणि निर्यात यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या पानाचे घरातील चुलीवर पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा उपेक्षित राहतो. अलीकडे शहरी घरांतून दार्जिलिंग, आसाम, निलगिरी अशा निरनिराळ्या चहांची चव पारखण्याची हौस दिसू लागली आहे. तिच्याबरोबर एक मतही रूढ होत आहे, ते असे की दूध-साखर घालून उकळलेला चहा हा अज्ञानातून निपजलेला प्रकार होय. हे मत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

निर्यातीचे पान

आसामच्या चहाच्या पहिल्या 8 पेट्यांचा लिलाव जानेवारी 1839 मध्ये लंडन येथे झाला. कलकत्त्यातही 1861 पासून लिलाव होऊ लागले. तरी पुढील कित्येक दशके उत्तम माल परदेशी जात असे व देशातील बहुसंख्य घरांना चहा अपरिचितच होता. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये 1890 साली गोपाळराव जोशी यांनी घडवून आणलेल्या कार्यक्रमात चहा-बिस्किटे देण्यात आली, उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि त्यातून मोठे ग्रामण्य उभे राहिले. टिळक व रानडे यांनाही प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकला नाही. या प्रकरणात वादाचा विषय चहाची चव वा प्रत हा नव्हता. तो कोणाच्या हातचा व कोणाच्या घरचा, एवढाच होता. पेय घरच्या चुलीवर आले तेव्हा ही अडचण आपोआप दूर झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

किटलीचा उपदेश

सन 1903 च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसविण्यात आला आणि त्या पैशातून प्रचाराचे कार्य सुरू झाले. या प्रचाराचा रोख हिंदुस्थानातील ग्राहकाकडे खऱ्या अर्थाने वळला तो 1930 नंतरच्या जागतिक मंदीत, परदेशी बाजारपेठ आक्रसल्यावर. प्रात्यक्षिके करणारे लोक वस्त्यांतून हिंडले; पडदा पाळणाऱ्या घरांत स्त्री-प्रचारक गेल्या; रेल्वे स्थानकांवर कृती सांगणारे एनॅमलचे फलक लागले. कृती विलायती होती. किटली गरम करून घ्यावी, माणशी एक चमचा पत्ती घालावी, नुकतेच उकळलेले पाणी ओतून काही मिनिटे झाकून ठेवावे, दूध व साखर नंतर मिसळावी. फेरीवाले पत्ती कमी घालून दूध व मसाला वाढवतात, ही प्रचारकांची जुनी तक्रार होती. ती तक्रार चवीची कमी आणि विक्रीची अधिक होती, असे म्हणण्यास जागा आहे.

विरोधही कमी नव्हता. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी चहाविरुद्ध लिहिले. गांधीजींनी 1942 मध्ये लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तकात चहातील टॅनिनचा दोष दाखविला. तरीही 1947 मध्ये अन्नदा मुन्शी यांनी चरख्याशी बसलेली, हाती चहाचा कप घेतलेली स्त्री जाहिरातीत चितारून चहाला स्वदेशीचा शिक्का मिळवून दिला. प्रचार यशस्वी झाला, पण अर्धाच. घराने चहा स्वीकारला, किटलीची कृती नाकारली.

पातेल्याचा निर्णय

हा नकार केवळ हट्टाचा नव्हता. दूध तापवूनच वापरायचे, हा घराचा नियम. एकाच पातेल्यात आधण, साखर, पूड व दूध एकत्र केल्यास इंधन व भांडी वाचत. थोड्या पुडीत अधिक माणसे भागत, आणि दुधातील प्रथिने टॅनिनशी बांधली जाऊन तुरटपणा कमी होई. आले, वेलची, गवती चहा ही परसातील व डब्यातील सामग्री होती. ‘गवती चहा’ हे नावच पाहण्यासारखे आहे : वनस्पती चहाची नव्हे, पण मराठी घराने तिला चहाच्या कुळात घेतले.

या चुलीला साजेसे पान यंत्राने दिले. आसाममधील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी 1930 च्या सुमारास सीटीसी यंत्र सिद्ध केले. दातेरी रुळांमधून जाताना पान चिरडते, फाटते व गुंडाळले जाते, आणि त्याचा बारीक दाणा होतो. दाण्याचा गडद रंग व कडक चव दुधातही टिकते. स्वातंत्र्योत्तर काळात हीच पद्धत सर्वत्र पसरली. आज देशातील चार पंचमांशांहून अधिक चहा याच प्रकारचा असतो आणि एकूण उत्पादनापैकी बराच मोठा हिस्सा देशातच प्यायला जातो. पुण्यातील ‘अमृततुल्य’ दुकानांचा चहा याच दाण्यावर उभा आहे.

पारख

आता जी चव पारखण्याची हौस घरात आली आहे, तिचे मूळ लिलावगृहात आहे. तेथील पारखी सर्व नमुने मुद्दाम एकाच मापाने करतो. 1980 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यास 2 ग्रॅम पत्ती व 6 मिनिटे हे प्रमाण आहे. त्या मानकात दूध घालून चव घेण्याचीही सोय आहे, ही गोष्ट शुद्धतावाद्यांनी लक्षात ठेवावी. शिवाय हे माप उत्तम कपासाठी नाही. दोष उघडा पडावा यासाठी आहे. घरी त्याचे अनुकरण केल्यास दार्जिलिंगच्या वसंतातील कोवळ्या पानाचा चहा कडवट होतो. त्याला कमी वेळ पुरतो, आणि हिरव्या चहाला तर पाणीही उकळीच्या खालचे लागते. उलट सीटीसीचा दाणा किटलीत झाकून ठेवून दुधावाचून प्यायल्यास त्याचा केवळ तुरटपणा हाती लागतो. पातेले चुकत नाही आणि किटलीही चुकत नाही. चूक होते ती एकाचे पान दुसऱ्यात टाकल्याने.

एक फरक मात्र उरतोच. पारखी कप चाखण्यापूर्वी भिजलेली पत्ती झाकणावर पसरून तिचा रंग व वास पाहतो, कारण पान कसे वाळवले व किती आंबवले हे तेथे कळते. घरात तो चोथा गाळणीतून थेट कुंडीतील गुलाबाच्या मुळाशी जातो.